फुकटचे ओरखडे

"आजी, पुन्हा बासष्टवर अडकलं!"

ही भिंगरी, माझी नात. लहानपणी तिला एका जागी बसलेली कुणी पाहिली नव्हती, म्हणून हे नाव पडलं. आता मात्र तीन दिवस ती एकाच खुर्चीत ठाण मांडून होती. आमच्या पोहण्याच्या तलावाचे मास्तर एक्केचाळीस वर्षांनी तलाव सोडून मुलीकडे राहायला निघाले होते. शनिवारी चार वाजता तलावाच्या हॉलमध्ये निरोप आणि सहा वाजता त्यांची गाडी. भिंगरीने त्यांच्यावर वीस मिनिटांची फिल्म केली होती. मास्तरांनी तिला चौथ्या वर्षी पाण्यात सोडलं आणि मला चव्वेचाळिसाव्या. दोघींनी सारखाच आरडाओरडा केला होता म्हणतात.

आज शनिवार. सकाळचे नऊ वाजले होते आणि फिल्म काही कॉम्प्युटरमधून बाहेर यायला तयार नव्हती. शंभरातले बासष्ट भाग झाले की सगळं गपगार.

"नंतर मोबाईलवर पाठव," माझा मुलगा म्हणाला.

"बाबा, मास्तर मोबाईलवर फक्त किती वाजले ते बघतात. आणि सगळ्यांबरोबर बसून बघण्यात जी मजा आहे ती गाडीत कुठली?"

तिने काय करायचं बाकी ठेवलं होतं! एडिटिंगचं सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं. आत साठलेला कचरा साफ केला. जड चित्रांच्या हलक्या प्रती केल्या. बापाने तर टेबलफॅन आणून कॉम्प्युटरसमोर ठेवला. मी घाम पुसत म्हटलं, "म्हातारीला वारा नाही, डब्याला आहे."

मला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नाही. पण एकतीस वर्षं मी फिल्म कापायचं आणि जोडायचं काम केलंय, पांढरे सुती हातमोजे घालून. तेव्हापासून एक सवय जडली आहे, मोटरची तब्येत तळहाताने बघायची. चहा घेऊन भिंगरीशेजारी बसले आणि हात नकळत डब्यावर गेला. डबा तापलेला, आतला पंखा घोंगावत होता.

"काय चाललंय आत्ता यात?"

"काहीच नाही गं. मी तर नुसती बघत बसलेय. थांब, दाखवते." आत कोणकोणते प्रोग्रॅम चालू आहेत त्याची यादी तिने उघडली. "बघ, सगळं शांत."

आणि खरंच, माझ्या हाताखाली पंखा शांत झाला. तिने यादी बंद केली. मिनिटभरात पुन्हा घोंगावायला लागला.

"पुन्हा उघड बरं."

पंखा गप्प.

"बंद कर."

घुंऽऽ.

मला एकदम आमची फिल्म कापायची जुनी खोली आठवली. दुपारी बारा वाजले की आमच्या टेबलाची मोटर मरगळायची. साहेबांनी पट्टा बदलला, तेल घातलं, मलाही दोन शब्द सुनावले. शेवटी कळलं की खालच्या मजल्यावरच्या लाँड्रीवाल्याने आमच्या वायरीला आकडा टाकला होता आणि त्यावर तीन इस्त्र्या चालवत होता. साहेब तपासायला निघाले की जिन्यावर त्यांचे बूट वाजायचे, आणि तो लगेच इस्त्र्या काढून ठेवायचा. साहेब खाली पोहोचेपर्यंत सगळं साळसूद.

"भिंगरे, तुझं मशीन दुसरंच कुणीतरी वापरतंय," मी म्हटलं. "आणि तू बघायला गेलीस की मांजरासारखं झोपेचं सोंग घेतंय."

भिंगरीने लगेच माझ्या भाचीला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. भाची एका मोठ्या ऑफिसातले कॉम्प्युटर सांभाळते.

"आत्या, आजी म्हणते मशीनमध्ये लाँड्रीवाला बसलाय."

भाचीने सगळं ऐकून घेतलं. "मावशीला माझ्या ऑफिसात नोकरी देते मी," ती म्हणाली. "एक प्रोग्रॅम लपून तुझ्या मशीनची ताकद चोरतोय. तू यादी उघडलीस की काम थांबवतो, म्हणून तुला दिसत नाही. आधी इंटरनेटची वायर काढ. आणि खरं सांग, एवढ्यात फुकटचं काय घेतलंस?"

भिंगरीचा चेहरा पडला. "ओरखडे."

"काय?"

"जुन्या फिल्मवर असतात तसे ओरखडे. सुरुवातीच्या भागात घालायला. आजीच म्हणाली, फार गुळगुळीत दिसतंय, जुन्या काळासारखं वाटत नाही."

म्हणजे घरात चोर मीच बोलावला होता! जन्मभर ओरखडे पुसले आणि म्हातारपणी मागून घेतले.

"ते टाकताना काही विचारलं का?"

"राखण करणारा प्रोग्रॅम आधी बंद करा, नाहीतर ओरखडे उतरणार नाहीत, असं लिहिलं होतं."

"चोराने सांगितलं कुत्रा बांधून ठेवा, आणि तू बांधलास!"

"बांधला," भिंगरी पुटपुटली.

"आवळा देऊन कोहळा काढला त्यांनी," मी म्हटलं. "आमचे साहेब शेवटी बूट काढून अनवाणी खाली उतरले, तेव्हा लाँड्रीवाला सापडला."

"आपणही तेच करायचं, मावशी. कॉम्प्युटर पुरता जागा व्हायच्या आत तपासणी करायची, म्हणजे याला लपायला वेळच मिळणार नाही."

तपासणी तास-दीड तास चालली. साडेअकराला सापडला, एका साध्यासुध्या नावाखाली लपलेला. शिवाय राखणदाराला त्याने 'या खोलीत बघू नकोस' असं शिकवून ठेवलं होतं. भाचीने फोनवरून एकेक पायरी सांगत त्याला हाकलून लावलं. पासवर्ड आजच दुसऱ्या मशीनवरून बदलायचे आणि सोमवारी सगळं पुसून नव्याने भरायचं, अशी तंबी दिली. मी डब्यावर हात ठेवला. गार!

आता फिल्म सुरळीत चालली. फक्त सुरुवातीच्या भागात लाल चौकोन आले. चोराबरोबर ओरखडेही गेले होते.

"राहू दे गुळगुळीत," भिंगरी म्हणाली, पण तोंड एवढंसं झालं होतं. एक्केचाळीस वर्षांपूर्वीच्या तलावाचा तो भाग तिने जुन्या दिवसांसारखा चितारला होता. ओरखड्यांविना तो परवाचा वाटत होता.

मी उठले, कपाटातून माझा पत्र्याचा डबा काढला. त्यात हातमोजे होते, बोथट कात्री होती, आणि रिळाच्या टोकाला लावायच्या काळ्या फिल्मची वावभर पट्टी. माझ्या पहिल्याच वर्षी माझ्या हातून ती जमिनीवर फरपटली होती. साहेब म्हणाले होते, "ठेव जपून, म्हणजे चूक लक्षात राहील." ठेवली.

"ही खिडकीसमोर धर, आणि मोबाईलने चित्र घे."

"आजी!" काळ्या पट्टीवरच्या प्रत्येक ओरखड्यातून उजेड झिरपत होता. बाप एका टोकाला, मी दुसऱ्या. आम्ही पट्टी हळूहळू ओढत होतो आणि भिंगरी ओरडत होती, "बाबा, थरथरू नका! नाही नाही, थरथरा, छान दिसतंय!" ते ओरखडे तिने चित्रावर चढवले. नंतर बासष्ट आला, त्रेसष्ट आला, आणि आम्ही तिघांनी टाळ्या पिटल्या. दोन वाजायच्या आत फिल्म बाहेर!

चार वाजता हॉल भरला. ओल्या केसांची पोरं पुढे जमिनीवर, मास्तर पहिल्या रांगेत, मी त्यांच्या शेजारी. दिवे मालवले. पांढऱ्या रेघा थरथरत आल्या आणि त्यांतून तो जुना तलाव दिसला. मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मला वाटलं, गहिवरले.

मग ते माझ्या कानाशी वाकले. "बाई, पोरीचं काम झकास आहे. पण फिल्म फार खराब झालीय हो. तुम्ही एकदा साफ करून द्या ना तिला."

मी तोंडावर पदर धरून हसत होते, आणि पुढची पोरं मागे वळून मलाच गप्प बसायला सांगत होती.