दहा यार्ड आणि एक बोट

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी साखळी आहे. साखळी म्हटलं की तुम्हाला कुत्रा आठवेल, नाहीतर कैदी. पण मी आयुष्यात कुणाला बांधलेलं नाही. माझं काम मोजण्याचं. मिनेसोटातल्या ब्रँडेल कॉलेजच्या मैदानावर मी एकतीस वर्षं फुटबॉलचे दहा यार्ड मोजले. आमच्याकडचा फुटबॉल चेंडू छातीशी धरून, धडका देत खेळतात. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे गेलं की आणखी चार प्रयत्न मिळतात. नाही गेलं, तर चेंडू समोरच्यांना द्यावा लागतो. गेलं की नाही, याचा निवाडा माझ्याकडे असे.

ब्रँडेलचा संघ माझ्याहून तीस वर्षांनी मोठा. तो सुरू झाला तेव्हा मैदान म्हणजे गाईंचं कुरण होतं आणि माप दोरीचं. दोरी पावसात आखडायची आणि मग दोन्हीकडची मुलं हमरीतुमरीवर यायची. शेवटी १९२६ साली कॉलेजच्या बॉयलरवर काम करणाऱ्या हाल्वर म्हाताऱ्याने मला घडवलं. दोन टोकांना दोन काठ्या लावून त्याने मला कोचच्या पायाशी टाकलं आणि म्हणाला, "घ्या. ही पावसाला भीत नाही."

खरं सांगते, आमचा संघ हरण्यात पटाईत होता. एका मोसमात तर आम्ही आठही सामने हरलो आणि तरीही गावाने चर्चच्या तळघरात मुलांना कॉफी आणि रुबार्बच्या आंबट देठांची गोड पेस्ट्री खाऊ घातली. १९४३ साली सगळी मुलं युद्धावर गेली आणि मी तीन वर्षं खिळ्याला लटकून राहिले. परत आले त्यांनी आल्या आल्या मला हातात घेऊन पाहिलं. चौघे आलेच नाहीत. त्यांचे दहा यार्ड मी कितीदा मोजले होते, ते मला अजून आठवतं.

पुढे माझी एक काठी अर्व्हिड टोरसनकडे आली. गावातलं हार्डवेअरचं दुकान त्याचं. माणूस इतका सरळ, की गिऱ्हाइकाला एक खिळा कमी गेला तर तो द्यायला त्याच्या घरी जाईल. अर्व्हिड काठी रोवायचा तेव्हा समोरचा संघही कुरकुर करत नसे. मला त्याचा फार अभिमान वाटे.

आणि मग आला १९५७चा नोव्हेंबर. नदीपलीकडचं कोरिंथ कॉलेज आमच्याशी खेळायला आलं होतं. जो जिंकेल तो त्या वर्षीचा विजेता. आमच्या संघाने एकसष्ट वर्षांत विजेतेपद कधी पाहिलंच नव्हतं. खेळ ऐन रंगात आला असताना सात-आठ दांडगी मुलं धडपडत मैदानाबाहेर आली ती थेट माझ्या अंगावर. मी तुटले. एक कडी बर्फात कुठे उडाली ती सापडलीच नाही. अर्व्हिडने खिशातली पक्कड काढली, उरलेली दोन टोकं एकमेकांत अडकवली, आणि खेळ पुढे सुरू झाला.

शेवटचं दीड मिनिट उरलं होतं. आम्ही एका गुणाने मागे आणि चौथा प्रयत्न. कोरिंथच्या रुडी प्रेबिचने आमच्या गड्याचे पाय असे काही धरले, की तो जागीच कोसळला. मला आणलं. पंचाने ताणलं. चेंडूचं टोक काठीच्या पुढे होतं, फक्त एक बोट! आम्हाला आणखी चार प्रयत्न मिळाले आणि आम्ही जिंकलो. गावात घंटा वाजल्या. मला वाटलं, आता माझंही कौतुक होईल.

कसलं कौतुक! अर्व्हिडने मला घरी नेलं, कॉफीच्या रिकाम्या डब्यात गुंडाळून ठेवलं आणि डबा खिळ्यांच्या पिंपामागे सरकवला. कॉलेजला त्याने पदरचे पैसे घालून नवी साखळी दिली. त्या अंधारात बसल्यावर मला कळलं की त्याला काय टोचतंय. कडी दीड इंचाची होती आणि आम्ही जिंकलो एका बोटाने. म्हणजे मी आखूड होते? म्हणजे आम्ही तो सामना चोरला? मित्रांनो, मलाही ते ठाऊक नव्हतं. दुसऱ्यांना मोजणाऱ्याला स्वतःचं माप कुठे दिसतं? आणि ज्याच्या दुकानात साठ टेपा टांगलेल्या, तो अर्व्हिड पन्नास वर्षं त्या डब्याजवळून मान वळवून जात राहिला.

मग कॉलेजने संघाचा इतिहास काचेच्या कपाटात मांडायचं ठरवलं आणि त्या सामन्याची साखळी मागितली. अर्व्हिड सत्त्याहत्तर वर्षांचा झाला होता. त्याने कॉलेजला काहीच कळवलं नाही. त्याने फोन केला कोरिंथच्या रुडी प्रेबिचला.

रुडी सकाळीच आला. अर्व्हिडने त्याला सगळं सांगितलं. रुडी रंगाच्या डब्यावर बसला.

"पन्नास वर्षं, अर्व्हिड," तो म्हणाला. "माझ्या लग्नात माझ्या सख्ख्या भावाने भाषणाच्या सुरुवातीला एक बोट वर केलं होतं. न्हाव्याकडे गेलो तर म्हणतो, किती कापू, एक बोट?"

"माहीत आहे रे. म्हणूनच तुला बोलावलं. काय ते आज तुझ्यासमोर होऊ दे."

अर्व्हिडची बायको लव्हॉन कॉफी घेऊन आली होती. ती म्हणाली, "आता दोघं मिळून रडणार आहात की टेप काढणार?"

दुकानाबाहेरच्या फरशीवर मला पसरलं. रुडीने स्वतः फळीवरची कोरी टेप निवडली. "त्या दिवशी पंचाने ताणली होती तशीच ताण," त्याने बजावलं. अर्व्हिडने टोक धरून मला ताणलं. दहा यार्ड म्हणजे तीस फूट. रुडी गुडघ्यावर बसला, त्याने चष्मा पुसला आणि पुन्हा वाकला.

"तीस फूट... पाऊण इंच."

"पाऊण इंच कमी?" अर्व्हिडने विचारलं.

"जास्त रे बाबा! जास्त!"

अर्व्हिड आहे तिथेच फरशीवर बसला. तो रडत होता आणि हसतही होता. माझ्या अंगावरचं ओझं असं उतरलं की मी खळकन खाली पडले.

"पण कडी तर हरवली होती," तो म्हणाला.

लव्हॉनने कपाळावर हात मारला. "अरे, आयुष्यभर सायकलच्या चेनी विकल्यास ना? वापरून चेन ताणते हे गिऱ्हाइकांना तूच सांगतोस. हिने एकतीस वर्षं ओढ खाल्ली, ही नाही ताणणार?"

खरंच की! माझी एकेक कडी घासून केसभर वाढली होती. कडी हरवण्याआधी मी चांगली सव्वादोन इंच जादा होते आणि ते कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

मला आता रुडीची काळजी वाटू लागली. तासभर त्या बिचाऱ्याला वाटलं होतं की आपला काही दोष नव्हता. तो मात्र टेपेकडे बघत बोटं मोजत होता.

"पाऊण इंच म्हणजे आणखी एक बोट. म्हणजे खरे दहा यार्ड तुम्ही आधीच ओलांडले होते," तो म्हणाला. "मी एका बोटाने कमी पडलोच नव्हतो. दोन बोटांनी पडलो होतो!" आणि तो मोठ्याने हसला. "एका बोटाने माझी झोप उडवली होती, अर्व्हिड. जरा आधी हात घातला असता तर, असं रोज वाटायचं. दोन बोटं म्हणजे माझ्या हातातलंच नव्हतं. आण ती कॉफी."

आज मी काचेच्या कपाटात आहे. अंगाला तेल लावलेलं, ऊब चांगली. खालच्या चिठ्ठीवर रुडीने हट्टाने माझी खरी लांबी लिहवून घेतली आहे. मित्रांनो, तुमच्याकडे मोजायच्या ज्या वस्तू असतील, काटे, टेपा, घड्याळं, त्यांचंही माप अधूनमधून घेत जा. आम्ही झिजतो, पण सांगू शकत नाही. आणि मनात शंका असेल तर ती डब्यात घालून ठेवू नका. अर्व्हिडला पन्नास वर्षं जे पेलावं लागलं, ते मोजायला तीन मिनिटंही लागली नाहीत.

दर नोव्हेंबरात रुडी येतो, काचेसमोर उभा राहतो आणि मला दोन बोटं दाखवतो.