चिंचेनं फेस आलेला शंख

गोष्ट इंग्रजांच्या राज्यातली, सीपी-बेरारच्या जमान्यातली. गोवर्धन मास्तर अमरावतीच्या एका शाळेत रसायन शिकवायचे, आणि आपल्याला सगळं कळतं ही त्यांची जुनी खोड. वलगावच्या सूर्यभानच्या शेतात विहीर खणताना दगडात रुतलेला एक शंख निघाला. जुना म्हणजे किती? माणसाचा पत्ता नव्हता तेव्हाचा. सूर्यभानची बायको सुभद्रा तो देव्हाऱ्यात ठेवून पुजायची.

मास्तरांनी तो मागितला. वऱ्हाडातले असले शंख गारेचे, म्हणजे गारगोटीचे, झालेले असतात, भोवतालचा दगड तेवढा चुन्याचा, असं त्यांनी वाचलं होतं. तेजाबात, म्हणजे जहाल आम्लात, टाकला की चुना विरघळेल, शंख अख्खा मोकळा होईल. "आठ दिवसांत आणून देतो," त्यांनी शब्द दिला.

सुभद्रा म्हणाली, "मास्तर, आंबट लावू नका त्याले. पितळी देवासंगं म्या चिंच लावली, त शंखालेच फेस आला. तवापासून नुसत्या पान्यानं धुतो."

"देवाला राग आला असेल," म्हणत मास्तर हसले. सूर्यभानही हसला, मास्तर हसले म्हणून.

अहो, त्या बाईनं तपासणीच करून ठेवली होती! आंबटानं फेस येतो तो चुन्याला, गारेला नाही. म्हणजे शंखच चुन्याचा. मास्तर हेच तर फळ्यावर शिकवायचे. पण शहाणपण लुगडं नेसून आलं की काही जणांना ओळखू येत नाही.

शाळेत त्यांनी शंख तेजाबात सोडला आणि वर्गावर गेले. परत येऊन पाहतात तर भांड्यात गढूळ पाणी, तळाला चिमूटभर चिखल. तेव्हा कुठे त्यांना चिंच आठवली. आपण कोणावर हसलो ते आठवून कान तापले. स्वतःची इतकी लाज त्यांना कधी वाटली नव्हती.

आठव्या दिवशी खरं सांगायचं ठरवून ते वलगावला गेले. सुभद्रानं सतरंजी टाकली, गूळ-पाणी ठेवलं.

"आनला का माहा शंख?"

"नाही," मास्तर म्हणाले. पुढचं निघेचना. माफी मागायला आलेला माणूस, आणि बोलून बसला, "कलकत्त्याच्या अजबघरानं ठेवून घेतला."

सुभद्रानं देव्हाऱ्यातल्या रिकाम्या जागेकडं पाहिलं. मग म्हणाली, "असू द्या. तिथं लोक पाहतीन त त्याले." तिनं शेजारच्या पार्बताबाईला बोलावलं आणि सगळ्यांदेखत मास्तरांच्या पाया पडली. धरणीनं पोटात घ्यावं असं मास्तरांना झालं.

"तिथं खाली नाव लिवतेत म्हनं," सूर्यभाननं विचारलं. "कोनाचं लिवलं?"

"सुभद्राबाईंचं," मास्तर म्हणाले, आणि आणखी बोलावं लागू नये म्हणून त्यांनी गुळाचा खडा तोंडात टाकला.