आत्याचा खांदा

फिजिओथेरपीच्या पदव्युत्तर प्रवेशाला ‘आपला रुग्ण आपण आणा’ हा नियम ज्याने काढला, त्याला चार दिवस माझ्या घरी राहायला पाठवायला हवं. लेखी परीक्षा पार पडली की तोंडी. तोंडीच्या दिवशी तुम्ही स्वतः उपचार केलेला माणूस त्या खोलीत न्यायचा. परीक्षक त्याला तपासणार, तुम्हाला खोदून खोदून विचारणार आणि मग जागा द्यायची की नाही ते ठरवणार. कुणाच्या म्हशी आणि कुणाला उठाबशी! मागच्या वर्षी माझा रुग्ण घाबरून गप्प बसला आणि माझी जागा गेली. यंदाचा प्रयत्न शेवटचा, असं घरात ठरलं होतं. नाही जमलं तर दवाखान्यातली आहे ती नोकरी धरून बसायचं, आणि तिथे मोठे डॉक्टर सांगतील तेवढंच करायचं.

म्हणून यंदा मी गुडघ्याचं ऑपरेशन झालेला एक बस ड्रायव्हर तयार ठेवला होता. बोलका माणूस, कुणी न सांगता जिना चढून दाखवणारा. नेमका तोंडीच्याच दिवशी सकाळी त्याचा फोन. बदली ड्रायव्हर आला नाही, सुट्टी रद्द झाली, माफ करा ताई. मी फोन भिंतीवर आपटणार होते, तेवढ्यात आईने तो माझ्या हातातून काढून घेतला.

“मी येते की,” आतल्या खोलीतून आत्या म्हणाली.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. आमच्याच घरात राहते, कपडे शिवते. तिचा उजवा खांदा आखडला होता. हात समोरून खांद्याइतका वर यायचा आणि तिथेच अडायचा. रोज संध्याकाळी कामावरून आले की मी तिच्याकडून व्यायाम करून घ्यायचे. “दुपारी केलास का? खोटं बोलू नकोस, मला हात बघूनच कळतं!” असा माझा पट्टा चालू व्हायचा. घरात मला मिरची म्हणतात ते काही उगाच नाही.

“आत्या, तिथे जास्त बोलायचं नाही,” रिक्षात मी तिला बजावलं. “विचारतील तेवढंच सांगायचं.”

“तुझी मान खाली जाऊ देणार नाही बघ,” ती म्हणाली. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

खोलीत दोघं होते. विभागप्रमुख सर आणि एक मॅडम. मी केस सांगितली, न अडखळता सांगितली. सरांनी मान डोलावली आणि म्हणाले, “हात कितपत वर जातो ते मोजून दाखवा.”

मी कोन मोजायची पट्टी आत्याच्या खांद्याला लावली. “आत्या, हात वर.”

हात वर निघाला. खांद्याशी आला, तिथे थांबलाच नाही, डोक्याच्या दिशेने चालू लागला. मी पट्टीकडे बघतच राहिले. कालपर्यंत अडणारा हात आज एवढा वर? मग मी आत्याकडे नीट पाहिलं. तिने खांदा कानापर्यंत उचलला होता, पाठीला बाक दिला होता, आणि चेहऱ्यावर फोटोला बसल्यासारखं हसू होतं.

“वा! सुधारणा चांगली आहे,” सर खुर्चीतून उठले. “अजूनही जाईल असं वाटतं. दुखतंय का हो?”

“अजिबात नाही!” आत्या म्हणाली. “पोरीच्या हाताला गुण आहे.”

सरांनी तिचं कोपर धरलं आणि हात हळूहळू वर रेटायला सुरुवात केली. मॅडम कागदावर काहीतरी लिहू लागल्या, आणि ते चांगलंच असणार हे मला कळत होतं. तोंड मिटून उभी राहिले असते तर जागा माझी होती. पण आत्याचा डावा हात मला दिसला. तिने साडीचा काठ मुठीत आवळून धरला होता.

“थांबा सर,” मी म्हणाले. ते थांबले नाहीत. मग मी त्यांचं मनगटच धरलं. “हात सोडा म्हणते ना!”

सरांनी हात सोडला.

“आत्या, हात असा एका रात्रीत सुटत नाही. काय घेतलंस तू सकाळी?”

“काही नाही गं. चहा घेतला.”

“आत्या!”

ती साडीचा काठ सरळ करू लागली. सरांनी खुर्ची ओढली, तिच्यासमोर बसले आणि साध्या आवाजात विचारलं, “मावशी, गोळी घेतलीत का दुखण्यावरची?”

“घेतली,” आत्या त्यांना म्हणाली. मला नाही, त्यांना! “दोन घेतल्या. पोरीचं नुकसान नको म्हणून.”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

“सर, हिने गोळी घेतली यात माझी काय चूक?” मी म्हणाले. “मी तर सांगितलं ना! लपवलं असतं तर तुम्हाला कळलंही नसतं.”

“सांगितलंत हे चांगलं केलंत,” सर म्हणाले. “पण तुमचा रुग्ण दुखणं मला सांगतो आणि तुम्हाला सांगत नाही. दुखणंच कळलं नाही तर उपचार कशावर करणार? पुढच्या वर्षी या.”

पुढच्या वर्षी! जसं काही पुढचं वर्ष यांच्या टेबलाच्या खणात ठेवलेलं आहे आणि मी मागितलं की काढून देणार आहेत. मी पट्टी पिशवीत कोंबली आणि आत्याला घेऊन बाहेर आले.

बाहेरच्या बाकावर इतर उमेदवार आपापले रुग्ण घेऊन बसले होते. त्यांच्यादेखत मी आत्याला झाडायला लागले.

“कुणी सांगितला होता शहाणपणा? खांद्याचं काही बरंवाईट झालं असतं म्हणजे? वर्षभर राबले मी, आणि तू एका सकाळीत सगळं मातीत घातलंस!”

“ओरडू नकोस गं, लोक बघतायत.”

“बघू दे! गोळी घ्यायची बुद्धी झालीच कशी तुला?”

“आजचीच का?” आत्या म्हणाली. तीही आता चिडली होती. “रोज एक घेते. तू यायच्या आधी घेते. दुखलं म्हटलं की तू अंगावर येतेस, व्यायाम केला नाहीस म्हणतेस. केलेला असतो गं मी! मग म्हटलं, गोळी बरी. तू येतेस, हात हलतो, तू शांत होतेस. घरातही सगळे शांत.”

इतके दिवस मी जे मोजत होते ते गोळीचं होतं. राग होता, चांगला भरपूर होता, पण तो कुणावर काढायचा ते कळेना. मी तिच्याशेजारी बाकावर बसले. तिचा हात माझ्या मांडीवर घेतला आणि दोन बोटं हलकेच खांद्यावर ठेवली.

“इथे दुखतंय?” मी विचारलं. शक्य तितक्या हळू आवाजात विचारलं.

आत्याने आधी माझा चेहरा पाहिला. भुवया पाहिल्या, ओठ पाहिले, आणि मगच म्हणाली, “नाही गं. फारसं नाही.”