पिवळ्या पत्र्याचं पेटंट

जळगावच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातल्या जितेंद्र सरांना 'पेटंटवाले सर' म्हणत. हे नाव लोकांनी ठेवलेलं नव्हतं, सरांनी स्वतःच पसरवलं होतं. केबिनमध्ये प्रमाणपत्रांच्या इतक्या फ्रेमा होत्या, की जागा पुरेना म्हणून खिडकीवरही एक ठोकली होती.

धुळ्यात रमीजचं वर्कशॉप होतं. केळीच्या खोडातून धागा काढायचं यंत्र त्यानं बनवलं होतं. बाकीच्या यंत्रांत खोडाचा जाड भाग आला की धागा तुटायचा. रमीजनं रोलरमागे स्प्रिंग बसवली. जाड भाग आला की रोलर आपोआप मागे सरायचा आणि धागा अखंड निघायचा. विद्यार्थ्यांची सहल घेऊन आलेल्या सरांनी ते पाहिलं आणि त्यांचे डोळे चमकले.

"पेटंट घेऊ याचं. सगळं माझ्यावर सोडा."

काही महिन्यांत शाल, नारळ, फोटो झाले. प्रमाणपत्रावर आधी प्राचार्यांचं नाव, मग सरांचं, शेवटी रमीजचं.

"स्प्रिंग प्राचार्यांनी बसवली होती का?" रमीजची बायको सदफनं विचारलं.

"मोठ्या लोकांत असंच असतं," रमीज म्हणाला.

दोन वर्षांत यंत्रं बऱ्यापैकी खपली. मग पाचोऱ्याच्या एका कारखानदारानं तसंच यंत्र बाजारात आणलं. रोलर तेच, स्प्रिंग तीच. फक्त वरचा पत्रा रमीजच्या चौकोनी पिवळ्या पत्र्याऐवजी गोल हिरवा. नवरा-बायको जळगावला सरांकडे गेले.

"सर, त्याला नोटीस पाठवा."

"त्याचा आकार वेगळा आहे, रमीजभाई."

"आकाराचं काय घेऊन बसलात? आतलं काम माझं आहे!"

"आपण डिझाइन घेतलं होतं. ते लवकर मिळतं," सर म्हणाले आणि मोबाइलमध्ये बघू लागले.

सरांच्या विभागातल्या संघमित्रा मॅडम तिथंच होत्या. त्यांनी दोघांना बाहेर व्हरांड्यात नेलं.

"डिझाइनची नोंदणी म्हणजे फक्त दिसण्याची. सरांनी तुमच्या पत्र्याची नोंदणी केली. यंत्र चालतं कसं, त्याचं पेटंट वेगळं. आधी तात्पुरता अर्ज, वर्षाच्या आत पूर्ण अर्ज. मग पेटंट ऑफिसातला तपासणारा हरकती काढतो, उत्तरं द्यावी लागतात. सरांना एवढी कटकट कशाला? त्यांना भिंत भरायची असते."

"मग तो अर्ज आता करू?" रमीजनं विचारलं.

"आता उशीर झाला. यंत्र विकलं गेलं, सगळ्यांनी पाहिलं. ते आता नवं उरलं नाही."

रमीज कठड्याला टेकून उभा राहिला. सदफ मात्र तडक केबिनमध्ये परतली.

"सर, तुमची शाल परत देऊ का? का तीही फक्त दिसायलाच होती?"

सरांना त्यातलं काहीच लागलं नाही. त्याच महिन्यात त्यांना उत्कृष्ट संशोधकाचा पुरस्कार मिळाला आणि भाषणात त्यांनी 'माझं केळीचं यंत्र' असं दोनदा म्हटलं.

रमीजनं पुढं धागा धुवून पिळायचं यंत्र जोडलं. कुणाला दाखवण्याआधी मॅडमच्या मदतीनं तात्पुरता अर्ज भरला. आठवड्याभरात सरांचा फोन आला.

"काही नवीन केलंय म्हणे? बघायला येऊ?"

आयुष्यभर सगळ्यांना 'जी सर' म्हणत आलेला रमीज म्हणाला, "नका येऊ. तुम्हाला त्यातलं काही कळणार नाही."

आणि त्यानं फोन ठेवून दिला.