पूर्वीची बाग राहिली नाही

“तुझ्या बाबांना एकदा डोळ्यांच्या डॉक्टरकडे ने,” मावशी म्हणाली होती. “मी बाकावर त्यांच्या शेजारी येऊन बसले, तरी त्यांना पत्ता नाही.”

मी ते हसण्यावारी नेलं. आमच्या मावशीला घरात सगळे ‘हवामान खातं’ म्हणतात. कुणाचा रंग उतरलाय, कुणाची चाल बिघडलीय, कुणाचा आवाज बसलाय, याचे अंदाज ती न विचारता देत असते. त्यामुळे ती शेजारी येऊन बसली की न दिसल्यासारखं करणं ही आमच्याकडे सगळ्यांनी कमावलेली कला आहे. मी तिला म्हटलं, “अगं, दिसलीस म्हणूनच तिकडे बघितलं नसेल.” ती रागावली नाही. “बघ बाई,” एवढंच म्हणाली आणि पर्स उचलून निघाली.

एरवी काळजी करण्यात मी कुणाला हार जात नाही. भिंगरी झाल्यापासून तर मला दुसरं काही सुचतच नाही. (भिंगरी म्हणजे माझी मुलगी. एका जागी थांबत नाही म्हणून हे नाव, आणि आता तीही त्यालाच ओ देते.) झोपाळ्याच्या साखळीत बोट सापडेल, घसरगुंडी उन्हाने तापली असेल, झुडपात मधमाश्या असतील, कुणीतरी हातात खाऊ ठेवेल. बागेत पाऊल टाकण्याआधीच मी बागेतले सगळे धोके मनात फिरून आलेली असते. नवरा म्हणतो, तू फिरायला येत नाहीस, तपासणीला येतेस. पण काळजीचा हा सगळा साठा मी मुलीवर खर्च करत होते. बाबांच्या वाटणीला काही ठेवलंच नव्हतं. बाबांचीही काळजी करायची असते हे कधी डोक्यातच आलं नाही.

बाबा बसचे ड्रायव्हर होते. त्यांच्या मार्गाचा शेवटचा थांबा म्हणजे बागेचं मोठं फाटक. आठवडाभर ते दुसऱ्यांच्या पोराबाळांना बागेत नेऊन सोडायचे आणि सुट्टीच्या दिवशी आम्हाला घेऊन स्वतः जायचे, तेही त्याच बसने. मग मागच्या सीटवर बसून चालवणाऱ्याच्या चुका काढायचे. ब्रेक उशिरा मारला, वळण मोठं घेतलं, म्हातारी चढायच्या आधीच गाडी सोडली. आई म्हणायची, अहो, आज तुम्ही प्रवासी आहात, खिडकीतून झाडं बघा. ते बघायचेही, पण पाय मात्र नसलेल्या ब्रेकवर दाबलेला असायचा.

बाग फार जुनी. कधीकाळी कुणीतरी मोठ्या हौसेने आखलेली, टेकडीच्या उतारावर टप्प्याटप्प्याने खाली उतरत जाणारी. पण माझ्या लहानपणी त्या आखणीचं फारसं काही उरलं नव्हतं. टप्पे गवताखाली बुजले होते, सरूंच्या रांगेतले निम्मे सरू गेले होते, आणि कारंज्यातल्या दगडी बाईला नाक नव्हतं. आम्हाला ते जुनंपण कळायचं नाही. आम्हाला वाटायचं, बागा अशाच असतात. बँडस्टँडच्या लाकडी जमिनीखाली शिरायला एक फट होती, कुंपणात भगदाड होतं, आणि बांबूच्या बेटातून लोकांच्या पायांनी पडलेली एक वाट थेट आइस्क्रीमवाल्यापाशी निघायची.

लपाछपी खेळताना बाबा बाकावर पेपर वाचत बसायचे. डोकं वर न काढता ते राज्य घेणाऱ्याला सांगायचे, “डावीकडच्या सरूमागे एक. दुसरी बँडस्टँडखाली, वेणी बाहेर राहिलीय.” आम्ही भांडायचो की बाबा, हे चीटिंग आहे. ते पान उलटत म्हणायचे, “ड्रायव्हरला कानाच्या वरही डोळे असतात.” मला ते खरंच वाटायचं. शाळेत मी तसं एकदा छातीठोकपणे सांगितलंही होतं, आणि बाई हसल्या तेव्हा मला बाईंचीच कीव आली होती.

त्याच बागेत बाबा भिंगरीला नेऊ लागले तेव्हा मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. आई गेल्यानंतर ते एकटेच राहत होते, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून. संध्याकाळी ते यायचे, भिंगरी चपला उलट्या घालून तयार असायची, आणि दारातूनच त्यांची बस सुटायची. खेळ बाबांनीच शोधून काढलेला. भिंगरी पुढे, कंडक्टर. बाबा मागे, ड्रायव्हर. त्यांचा एक हात तिच्या स्वेटरच्या टोपीवर. पायरी आली की तिने “टिंग” म्हणायचं, म्हणजे गाडी थांबणार. मग “टिंग टिंग”, की चालू. खड्डा आला तर खड्डा, वळण आलं तर वळण, सगळं तिने मोठ्याने सांगायचं. मी एकदा म्हटलं, बाबा, कंडक्टर पुढे आणि ड्रायव्हर मागे, ही कुठली बस? ते म्हणाले, “रिटायर झालेल्यांना हीच मिळते.”

आम्ही सगळे हसलो. मी तर फोनवर त्याचं चित्रणही केलं. आता ते बघवत नाही. आता त्यात मला मुलगी दिसतच नाही, फक्त तिच्या टोपीवरची बाबांची मूठ दिसते.

मग बाग बंद झाली. जुने नकाशे सापडले होते म्हणे, आणि मूळ आखणी होती तशी पुन्हा उभी करायचं ठरलं होतं. भोवती पत्रे लागले, बरेच दिवस आत नुसता खडखडाट चालला होता. पत्रे निघाले तेव्हा आत एक अनोळखी बाग होती. गवताखालचे टप्पे वर आले होते, त्यांना दगडी पायऱ्या होत्या. प्रत्येक टप्प्यावरून पाण्याचा एक उथळ पाट झुळझुळत होता आणि तो खाली एका खोल हौदात पडत होता. बाईला नाक बसवलं होतं. बांबूचं बेट मूळ नकाशात नव्हतं, म्हणून ते काढून टाकलं होतं, आणि त्यातली वाटही. सगळं देखणं होतं. मी मात्र कुंपणातलं भगदाड शोधत होते.

बाबांनी फाटकातच थांबून सगळं बघितल्यासारखं केलं आणि म्हणाले, “पूर्वीची बाग राहिली नाही.”

मलाही तेच म्हणायचं होतं, त्यामुळे त्यांच्या त्या वाक्याकडे मी नीट बघितलंच नाही.

त्यानंतर ते बागेत जायला कां कूं करू लागले. आज गुडघा, उद्या उकाडा. मी म्हटलं, बाबा, रुसलात काय बागेवर? शेवटी एका रविवारी मीच बळेबळे सगळ्यांना काढलं. डबे भरले, सतरंजी घेतली. वरच्या टप्प्यावर बाक मिळाला. मी डबे उघडत होते आणि भिंगरी आजोबांना घेऊन खालच्या टप्प्यावर उतरली. हौदाला कठडा नाही हे मी आत शिरतानाच हेरून ठेवलं होतं. एरवी मी तिचा हात सोडला नसता. पण बाबा होते ना बरोबर.

हौदाजवळ तिला काहीतरी दिसलं. बेडूक असावा. ती बसमधून निसटली आणि हौदाच्या अगदी काठावर उकिडवी बसली. बाबांचा हात टोपीच्या उंचीवर तसाच हवेत राहिला. ती त्यांच्या उजव्या बाजूला होती, इतकी जवळ की ते वाकले असते तर तिच्या केसांना हात लागला असता. बाबा समोर बघत होते.

“कंडक्टर, बेल दे,” ते म्हणाले.

ती बेडकात गुंतलेली. त्यांनी मान डावीकडे वळवली. मग पुन्हा समोर. “कंडक्टर, गाडी उभी आहे.” आवाज खेळातलाच होता. चेहरा खेळातला नव्हता. मी वरून तो चेहरा बघत होते, आणि क्षणभर मला कळेचना की ते असं का करतायत, पायाशी पोर बसलेली असताना. मग भिंगरीने पाण्यात हात घालायला वाकून पाहिलं आणि मी पळाले.

पायऱ्या कशा उतरले, आठवत नाही. तिच्या फ्रॉकची मागची बाजू माझ्या मुठीत आली तेवढं आठवतं. ती वैतागून म्हणाली, “आई, पळाला ना तो.” तिच्या आवाजावर बाबा वळले.

“इथेच होती होय गं?” ते म्हणाले.

मी भिंगरीला बाकावर बसवून तिच्या मांडीवर डबा ठेवला आणि बाबांना शेजारी घेतलं. आधी ते म्हणाले, उन्हाची तिरीप आली डोळ्यावर. मी म्हटलं, ऊन तुमच्या पाठीमागे होतं. मग ते म्हणाले, “आरसे गेलेत.”

“कुठले आरसे?”

“बाजूचे. उजवा आधी गेला, डावा मागोमाग. समोरची काच शाबूत आहे. पेपर वाचतो मी अजून.”

मला ओरडायचं होतं. तिच्या जिवावर बेतलं असतं, असं काहीतरी मी बोललेही, हळू आवाजात, मुलीला ऐकू जाऊ नये म्हणून. आणि मला का नाही सांगितलं, हेही विचारलं.

“सांगितलं असतं तर तू तिला माझ्याबरोबर पाठवली असतीस?”

हो म्हणावंसं फार वाटलं. “नसती पाठवली,” मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली, हिशेब जुळल्यासारखी. “जुन्या बागेत काही अडत नव्हतं. पायांना पाठ होती ती. आणि टोपी माझ्या हातात होती. ती सुटेल हे मी धरलंच नव्हतं.”

डॉक्टरांनी त्याला नाव दिलं, काचबिंदू. डोळ्यातला दाब वाढतो, कडेकडेचं दिसणं थोडंथोडं जात राहतं, दुखत नाही, खुपत नाही, माणसाला बरेच दिवस कळतही नाही. जे गेलं ते परत येणार नाही. जे आहे ते औषधाच्या थेंबांनी राखून ठेवता येईल. आणखी आधी आला असतात तर जास्त राखता आलं असतं, असंही ते म्हणाले. बाबा छताकडे बघत होते आणि मी जमिनीकडे. निघताना डॉक्टरांनी मला सांगितलं की हे घराण्यात उतरतं, तुम्हीही तपासून घ्या. बाबांना याचंच सर्वांत जास्त वाईट वाटलं. बाहेर आल्यावर ते म्हणाले, तुला चांगलं काही द्यायचं राहिलंच. माझे डोळे सध्या तरी ठीक निघाले. ते कळेपर्यंत बाबा जेवले नाहीत.

भिंगरीला त्यांच्याबरोबर एकटं पाठवणं मी बंद केलं. हे लिहिताना हात जड होतो, पण केलं ते बरोबर केलं, आणि बाबांनीही वाद घातला नाही. आता आम्ही तिघं जातो. कंडक्टरची नोकरी कायम राहिली, फक्त वर इन्स्पेक्टर म्हणून मी रुजू झाले. मी बाबांच्या उजवीकडून चालते. नवी बाग आम्ही त्यांच्या पायांना शिकवतोय. इथे दगड गुळगुळीत लागतो म्हणजे पायऱ्या आल्या, इथे पाण्याचा आवाज मोठा होतो म्हणजे हौद. एके काळी त्यांनीच मला या बागेत चालायला शिकवलं, गवतावर, कारण तिथे पडलं तर लागत नाही. ते गवत आता नाही. जे आहे त्यावर त्यांचे पाय हळूहळू बसतायत. परवा ते स्वतःहून म्हणाले, या नकाशावाल्याला वळणं मात्र चांगली घेता येत होती.

त्याच फेरीत मी विचारलं की तुमची ती चालणारी मंडळी हल्ली दिसत नाहीत. पूर्वी सकाळी तुमच्याबरोबर चारपाच जण असायचे, एकमेकांची थट्टा करत चालणारे. बाबा म्हणाले, पत्रे निघाल्यानंतर एकेक करून गळाले. छत्रीवाला तर पहिल्याच दिवशी फाटकातून परत गेला.

“का?”

“म्हणाला, पूर्वीची बाग राहिली नाही. मी म्हटलं, खरंय बाबा.” एवढं बोलून बाबा चालता चालता थांबले. भिंगरीने बेल दिली नव्हती तरी. “ऊन नाही, पाऊस नाही, तो बारा महिने छत्री घेऊन यायचा. उघडलेली मी कधी बघितली नाही. टेकत टेकत चालायचा. आम्ही त्याला हसायचो.”

त्यानंतर मी त्या छत्रीवाल्या गृहस्थांबद्दल फाटकावरच्या रखवालदाराला विचारलं, आइस्क्रीमवाल्याला विचारलं. चेहरा सगळ्यांना आठवतो, घर कुणालाच माहीत नाही. बागेतली ओळख बागेपुरतीच असते, बाबांनी त्यांचं नावही कधी विचारलं नव्हतं. बाबांना एवढंच ठाऊक आहे की ते पाण्याच्या टाकीच्या थांब्यावर चढायचे, बिनसाखरेचा चहा प्यायचे, आणि विनोद सांगायच्या आधीच हसायला लागायचे.

तुमच्या इमारतीत, तुमच्या गल्लीत असे कुणी गृहस्थ असतील, उंच, किंचित वाकलेले, हातात लांब काळी छत्री, आणि हल्ली त्यांचं बाहेर पडणं कमी झालं असेल, तर एवढं करा. वर जाऊन त्यांचं दार वाजवा. फोनवर विचारू नका, फोनवर सगळ्यांनाच दिसतं. ते म्हणतील, छे, मला काय झालंय, आता पूर्वीसारखं फिरावंसं वाटत नाही इतकंच. तेवढ्यावर परत येऊ नका. आत जाऊन जरा वेळ बसा, आणि त्यांना सांगा, बागेतले ड्रायव्हर तुमची चौकशी करत होते.