पाकिटावरचा चेहरा

लाव्याने चोच उघडी टाकली होती. श्वासागणिक त्याची आखूड शेपटी वरखाली होत होती. सनोबरआपाने त्याला रुमालात धरून कानाशी नेलं. छातीत बारीक घरघर होती.

समोर एगमबेर्दीबाबा टोपी हातात घेऊन बसले होते. बायको गेल्यापासून त्यांच्या घरात बोलणारं हे पाखरू एवढंच काय ते उरलं होतं. आपाने दाण्याबद्दल विचारलं.

"दाण्याची शंकाच नको, पोरी," बाबा म्हणाले. "दाणा तुझ्याच दुकानातला आहे."

त्यांनी झग्यातून दाण्याचं पाकीट काढलं. त्यावर आपाचाच फोटो होता, लेकीच्या लग्नात काढलेला. तिने राळे तळहातावर ओतले. कुबट वास आला. दाणे एकमेकांना चिकटले होते, मधूनच हिरवट बुरशी दिसत होती.

कोंबड्यांच्या सरकारी फार्मवर पक्ष्यांची डॉक्टरीण म्हणून तिची हयात गेली होती. फार्म बंद पडला, तरी कोकंद शहरातली माणसं पिंजरे घेऊन तिच्या दारी येत राहिली. गावातले डॉक्टर गायी-मेंढ्या बघत, लावा नेला तर हसून म्हणत, कापून पुलाव करा. बाजारात औषध म्हणून खडूची पूड मिळे. आपा मात्र जे कळत नसे ते कळत नाही म्हणून सांगे, आणि लोकांना तेवढं पुरे होतं.

जावई उलमस रशियात मजुरी करताना पाठ मोडून परतला, तेव्हा पाखरांच्या बाजारात दुकान काढायचं त्यानेच सुचवलं. नाव आईंचं, कष्ट माझे, असं म्हणाला. लेकीचा संसार अडला होता, आपाने होकार दिला. आधी ती स्वतः दाणा निवडायला जाई. मग गुडघे धरले. तुम्ही आता आराम करा, असं उलमसच म्हणाला होता.

दुपार कलताना लावा गेला. "वय झालं होतं त्याचं," बाबा उलट तिचीच समजूत काढू लागले.

"वय नाही, बाबा. दाणा नासका होता."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मग टोपी डोक्यावर ठेवली, रुमालातलं पाखरू उचललं आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी ती दुकानात गेली. उलमसने काही लपवलं नाही. वसंतातल्या पावसात गोदामात पाणी शिरलं होतं. पोती फेकली असती तर सगळं घरच रस्त्यावर आलं असतं.

"पाखरंच आहेत, आई," तो म्हणाला. "माणसं तर मरत नाहीत ना?"

आपा दारात जाऊन उभी राहिली आणि येईल त्या गिऱ्हाइकाला सांगू लागली, हा दाणा घेऊ नका. एक बाई बुचकळ्यात पडून उलमसकडे बघू लागली. त्याने आवाज खाली आणला.

"आईंचं हल्ली असं होतं. वय झालंय ना, काही बाही बोलतात."

बाईने पाकिटावरचा चेहरा पाहिला, मग समोरचा पाहिला. तिच्या डोळ्यांत दया आली. "देव त्यांना सुखात ठेवो," असं पुटपुटून तिने पाकीट पिशवीत टाकलं.

मागच्या खोलीतून लेक, ओयदिन, स्टूल आणि चहाचा वाडगा घेऊन आली. "आई, बस ना. माझ्यासाठी तरी."

गुडघ्यांनीही दगा दिला होता. आपा बसली. माणसं येत होती. ती बसलेली दिसली की अदबीने सलाम करत, काही न विचारता दाणा घेऊन जात. आपण इथे बसून काय करतोय, हे तिच्या ध्यानात यायला जरा वेळच लागला. तिने वाडगा खाली ठेवला आणि भिंतीचा आधार घेत घरी आली.

त्यानंतर ती दुकानाकडे फिरकली नाही. ओयदिन कधीमधी येई, मुलांचं सांगे, दुकानाचा विषय काढत नसे. पाकिटांवर फोटो तसाच होता. ज्यांची पाखरं मेली त्यांनी तिचं दार सोडलं. बाकीच्यांना ती भ्रमिष्ट झालीय असं वाटू लागलं.

द्राक्षवेलींची पानं पिवळी पडू लागली तेव्हा एगमबेर्दीबाबा आले. पिंजऱ्यात कोवळा लावा होता आणि फडक्यात खेड्यातून आणलेले राळे. आपलं नाक आता कामातून गेलंय, म्हणाले, तूच बघ.

आपाने दाणे उन्हात पसरले, वास घेतला, दोन दाणे दाताखाली फोडले.

"चांगले आहेत, बाबा. घाला."

बाबांनी चिमूट भरली. हात पिंजऱ्यापर्यंत गेला आणि थांबला. पूर्वी असा थांबत नसे. त्यांनी ते दाणे आपल्याच तोंडात टाकले आणि डोळे मिटून सावकाश चावत राहिले.

आपाने खराटा घेतला आणि त्यांच्याकडे पाठ करून अंगणातली पानं झाडायला लागली.