दोन बोटं माया

घड्याळाच्या पट्ट्याचं शेवटचं भोक.

जळक्या कापडाचा वास. कोणीतरी इस्त्री उभी करायला विसरलं.

मोबाइलवर एक हिरवा ठिपका, कधीच न पिकणाऱ्या फळासारखा.

"कापड आटत नाही हो, माणूस फुगतं," असं थोरली गिऱ्हाइकांना सांगते. गिऱ्हाईक पोट आत घेतं.

काखेत चिमटा.

हे सगळं एकाच बाईच्या वाट्याचं. तिला घरीदारी धाकटी म्हणतात. थोरली तिची जाऊ. दोघींचं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे: घट्ट झालेलं सैल करायचं, सैल झालेलं आत घ्यायचं. धाकटीच्या छातीत कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, उजव्या काखेतल्या गाठी काढल्या, मग किरणांचा शेक. दुखणं हत्तीच्या पावलांनी आलं आणि मुंगीच्या पावलांनी गेलं. गेलं म्हणायचं.

आता हात सुजू शकतो, डॉक्टर म्हणाले. सूज लवकर कळली तर उतरते; मुरली तर जन्माची सोबत. म्हणून दवाखान्याने पट्टी दिली, कोपराच्या वर बांधायची. तिच्या कापडात ताणली जाणारी एक तार होती. हात फुगला की तार ताणली जायची आणि मोबाइलला कळायचं. हिरवा ठिपका म्हणजे ठीक. लाल म्हणजे इस्त्री बंद, मशीन बंद, हात उशीवर ठेवून बसा.

बसून बसून धाकटीचा जीव विटला होता.

एका सकाळी पट्टी काचायला लागली. घट्ट झालेल्याचं काय करायचं, हे तिच्या हातांना सांगावं लागत नाही. शिवणीत आत राखलेल्या जादा कापडाला शिवणारे माया म्हणतात. पट्टीत माया नव्हती. तिने बक्कलाजवळ उसवून दोन बोटं इलॅस्टिक जोडलं आणि टाके घातले. डोळ्यांआधी बोटांनीच काम उरकलं.

आपण काय केलं, हे तिला दुपारी कळलं. मोबाइल पाहिला. ठिपका हिरवा. त्या हिरव्याने इतकं बरं वाटलं, की तिने पुढचा विचार केलाच नाही. विचार करायलाही अंगात जोर लागतो.

पुढच्या आठवड्यात दवाखान्यातल्या पट्टीवाल्या पोरीचा फोन आला. "काकू, सगळ्यांत गुणी हात तुमचाच!"

"आहेच गुणी," धाकटी म्हणाली. उजवी मूठ तिला वळत नव्हती.

थोरलीच्या नजरेतून काय सुटतंय?

"इस्त्री डाव्या हाताने कधीपासून?"

"सवय लावतेय."

"मला शिकवू नकोस. बाही वर कर."

थोरलीने पट्टी सोडून उलटी केली. "हे टाके कोणाचे?"

"कंपनीचे असतील."

"असं? कंपनी दोरा दाताने तोडते होय?"

"काचत होतं, ताई."

"काचलं की कळावं म्हणूनच दिलंय ना ते, बाई माझे!"

"कळून काय करू? परत दवाखान्याच्या त्या बाकावर बसू? काखेतला कळसा त्यांनी काढून घेतला, आता गावाला वळसा मी घालायचा. मला नाही झेपत. दमले मी."

थोरलीला हसू येता येता राहिलं. तिने स्टूल ओढलं, बारीक कात्री घेतली आणि एकेक टाका उचकटला. इलॅस्टिकचा तुकडा टेबलावर पडला. तिने पट्टी होती तशी जोडली आणि बांधायला गेली. टोकं जुळेनात. धाकटीने दात आवळले, थोरलीने ओढून बक्कल लावलं.

मोबाइल थरथरला. कोणीच बघितलं नाही.

थोरलीने इस्त्रीचं बटण बंद केलं. "चल."

"शाळेच्या पँटी राहिल्यात."

"दोन दिवस पोरं घोटे दाखवत फिरतील. चल."

दवाखान्याकडे निघालेल्या गाडीत मागच्या सीटवर थोरलीने तो हात उचलून स्वतःच्या खांद्यावर ठेवला, वर राहावा म्हणून.

"जड लागतोय का?"

"इस्त्रीपेक्षा हलका आहे. गप बस."

धाकटीने डोकं सीटला टेकवलं आणि डोळे मिटले.

तिने पट्टी उसवली त्या सकाळीही दवाखाना उघडाच होता.